दोन घरांतली वेणू

वेणूने होडी दुरुस्त करायला हातातल्या पाटल्या विकल्या, त्या रविवारी सुशील आणि रूथमध्ये पहिला खटका उडाला.

वेणू ही मालिकेतली. 'वेणूची होडी' दर रविवारी लागायची. कोकणातल्या एका खाडीवर होडी चालवणारी बाई आणि जहाजावर गेलेला, कित्येक वर्षं पत्ता नसलेला तिचा नवरा दामोदर, एवढीच गोष्ट. सुशील रणभिसे ती मिरजेत आपल्या घरी बघायचा. त्याची बायको रूथ ती जर्मनीत, उल्मजवळच्या एका छोट्या गावात बघायची. तिथल्या वृद्धाश्रमात ती नर्स होती. पाच वर्षांचा करार करून गेली होती आणि त्यातलं चौथं वर्ष चालू होतं. सुशीलचं मिरजेत चष्म्याचं दुकान होतं, ते सोडून जाणं जमण्यासारखं नव्हतं. मूलबाळ नव्हतं. रविवारची संध्याकाळ मात्र दोघांची होती. रूथची तेव्हा दुपार असायची, ती चर्चहून आलेली असायची. भाग संपला की फोन.

"पाटल्या उतरवताना तिचा चेहरा बघितलास?" सुशीलने त्या दिवशी विचारलं.

रूथने विचारलं, कुठल्या पाटल्या? तिच्या टीव्हीवर वेणूने होडी किनाऱ्यावर उलटी घालून ठेवली होती आणि ती एसटीने रत्नागिरीला गेली होती, मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये काम मिळतंय का बघायला. सुशीलला वाटलं, रूथचा डोळा लागला असणार. आठवडाभर म्हाताऱ्यांना उचलून-बसवून थकलेली असते, झोपेत काहीतरी दुसरंच दिसलं असेल. तो तसं बोललाही. रूथला ते लागलं. ती म्हणाली, मी टक्क जागी होते, तूच फोनमध्ये डोकं घालून बसला असशील.

विषय तिथेच सुटला. पण पुढच्या रविवारी पुन्हा तेच झालं आणि त्याच्या पुढच्याही.

आधी असं होत नसे. रूथ जायला निघाली तेव्हा दोघांनी टीव्हीला जोडायचे दोन सारखे डबे घेतले होते. हातात मावेल एवढा काळा डबा, मागे एक वायर, सोबत एक वेगळा रिमोट. एक इथे राहिला, एक तिच्या बॅगेतून गेला. त्या डब्यांनी वैताग आणला होता हे खरं. आधी टीव्हीचा रिमोट शोधा, मग डब्याचा. टीव्ही चुकीच्याच जोडणीवर उघडायचा आणि पडदा निळाशार. मग चकती फिरत राहायची. मालिकेचं नाव एकेक अक्षर निवडून टाइप करावं लागायचं. आणि दोघांचं एकाच वेळी सुरू व्हावं म्हणून फोन कानाशी धरून एक-दोन-तीन म्हणत बटण दाबायचं. तरीही कुणाचं तरी मागे पडायचं. रूथच्या घरात वेणू हसली की सुशीलला ते फोनवर आधी ऐकू यायचं, मग इथे ती हसायची.

मग सुशीलचा जुना टीव्ही गेला. नवा आणला त्याला डबा लागतच नव्हता, सगळं आतच होतं. रिमोटही नव्हता. सोफ्यावर बसलं की टीव्ही माणूस ओळखायचा आणि मागच्या वेळी जिथे थांबलो होतो तिथून सुरू व्हायचा. चकती नाही, निळा पडदा नाही. सुशीलला पहिल्या दिवशी घरात कुणीतरी वाट बघत बसल्यासारखं वाटलं. त्याने कौतुकाने रूथला सांगितलं. योगायोग असा, की महिन्याभरात तिच्या खोलीतही आश्रमाने त्याच कंपनीचा टीव्ही लावला. एक-दोन-तीन म्हणणं बंद झालं. ज्याने त्याने आपापल्या सोयीने बघावं आणि मग बोलावं, असं सुरू झालं.

आता त्या बोलण्यातच खडे लागत होते. रूथ आपलं न बघताच काहीतरी ठोकून देते, असं सुशीलला वाटायला लागलं. रविवारी ती दुसऱ्या कुणाबरोबर बाहेर जात असेल का, हाही विचार एकदा येऊन गेला आणि तो आला याचीच त्याला लाज वाटली. तिकडे रूथला वाटत होतं, याला एकटेपणाने विसराळू केलंय. मालिकेबद्दल बोलणं दोघांनीही टाळायला सुरुवात केली आणि मग लक्षात आलं की बोलायला फारसं काही उरलेलंच नाही. जेवलास का, थंडी आहे का, दुकान कसं चाललंय. फोन लवकर संपायला लागले.

रूथ जिथे काम करायची तिथेही काहीतरी बदलत होतं, पण त्याचा अर्थ तिला तेव्हा लागला नाही. आश्रमात केलर आणि ब्रांट नावाच्या दोन म्हाताऱ्या होत्या. जेवणाच्या टेबलावर शेजारी बसून आदल्या दिवशीच्या सिनेमावर तावातावाने वाद घालायच्या आणि त्यांचा आवाज उतरवायला रूथला मध्ये पडावं लागायचं. खोल्याखोल्यांत नवे टीव्ही आल्यापासून त्या गप्प झाल्या होत्या. दोघी आपापलं सूप संपवायच्या आणि आपापल्या खोलीत जायच्या. ब्रांटबाई एकदा म्हणाली, केलरला आता काही आठवत नाही, बिचारी भलत्याच गोष्टी सांगते. दुसऱ्या दिवशी केलरबाईने ब्रांटबद्दल नेमकं हेच सांगितलं.

याचा उलगडा सुशीलला दुकानात झाला. ऋजुता ताम्हनकर नावाची एक बाई जवळच्या-लांबच्या एकत्र नंबरचा चष्मा करायला आली होती. ती त्याच टीव्ही कंपनीसाठी सांगलीतल्या घरून काम करायची. पडद्यावर काय कुठे दिसावं, माणसाला कमीत कमी त्रास कसा व्हावा, ते ठरवणं हे तिचं काम. सुशीलने फ्रेम बसवता बसवता टीव्हीची तारीफ केली आणि हसत हसत बायकोची तक्रारही सांगितली, की आम्ही एकच मालिका बघतो पण तिला भलतंच आठवतं.

ऋजुता हसली नाही. तिने विचारलं, "दोघांकडे टीव्ही आमचाच आहे? डबा नाही ना?"

मग तिने समजावून सांगितलं. पूर्वी मालिका म्हणजे एकदा तयार झालेलं चित्रण असे, ते सगळ्यांकडे जसंच्या तसं पोचायचं. आता निर्माते सांगाडा पाठवतात. गोष्टीचे मुख्य टप्पे, नटनट्यांचे परवानगी घेऊन साठवलेले चेहरे आणि आवाज, होडी, खाडी, घर यांचे नमुने. त्या सांगाड्यावर प्रसंग चढवण्याचं काम टीव्हीतली चिप तिथल्या तिथे करते, बघणाऱ्याच्या समोर, बघणाऱ्यासाठी. टीव्हीच्या चौकटीत कॅमेरा असतो. डोळ्याची बाहुली कधी मोठी झाली, पापणी किती वेळ लवली नाही, हे तो टिपतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर चेहऱ्यावरच्या कातडीचा रंग किंचित बदलतो. आपल्या नजरेला तो बदल कळत नाही, कॅमेऱ्याला कळतो. त्यावरून नाडी मोजली जाते. ज्या प्रसंगाला नाडी वाढते आणि नजर खिळते, तसे प्रसंग वाढत जातात. ज्याला नजर पडद्यावरून ढळते, ते गळतात. आधी फक्त जाहिराती अशा बनायच्या. मग एका अपडेटमधून मालिकाही बनायला लागल्या. सुरुवातीलाच एक लांबलचक मजकूर येतो आणि खाली 'मान्य आहे' असं बटण असतं, त्यात हे सगळं लिहिलेलं होतं.

"आणि डबा?"

डब्याला कॅमेरा नाही, तेवढ्या ताकदीची चिपही नाही, ती म्हणाली. त्याच्याकडे निर्मात्याने बनवलेली मूळ प्रतच येते. म्हणून तर कंपनीला डबे नको झालेत. तिने स्वतःच्या घरी मात्र अजून डबाच ठेवला होता.

सुशील बराच वेळ हातातली काच पुसत राहिला. मग त्याने विचारलं, "म्हणजे माझ्या बायकोला जे दिसतं, ते तिला हवं असतं म्हणून दिसतं?"

"तसं नाही, दादा," ऋजुता म्हणाली. "बाहुली एखादी गोष्ट हवीशी वाटली की मोठी होते, तशी भीती वाटली तरी होते. नाडीचंही तसंच. टीव्हीला एवढंच कळतं की माणूस खिळला. कशाने खिळला, ते त्याला कळत नाही. आम्हालाही नाही."

त्या रविवारी सुशीलने रूथला यातलं काही सांगितलं नाही. तो फक्त म्हणाला, तुझ्या वेणूचं आत्तापर्यंत काय काय झालं ते मला पहिल्यापासून सांग.

रूथला आधी तो चेष्टा करतोय असं वाटलं. पण तो गप्प ऐकतोय म्हटल्यावर ती सांगायला लागली. वेणूला कोल्ड स्टोरेजमध्ये काम मिळालं. रत्नागिरीत तिने एक खोली भाड्याने घेतली. तिसऱ्या मजल्यावर, खिडकी मोठी, खिडकीतून बंदराचे दिवे दिसतात. तिने सायकल घेतली आणि चाळिशीत ती चालवायला शिकली, पडली, गुडघे फोडून घेतले. बरोबरच्या बायकांना ती हिशेब शिकवते. एकदा तिला पर्यवेक्षक होशील का म्हणून विचारलं तेव्हा तिने एक रात्रही विचार न करता हो म्हटलं. रूथ सांगत होती आणि तिचा आवाज कित्येक महिन्यांत लागला नव्हता इतका मोकळा लागला होता. सुशील डोळे मिटून ऐकत होता.

"आणि दामोदर?" त्याने शेवटी विचारलं.

रूथ थांबली. "दामोदरचं बऱ्याच दिवसांत काही दाखवलं नाही," ती म्हणाली. जणू ते तिच्याही आत्ताच लक्षात आलं होतं.

सुशीलच्या टीव्हीवर दामोदरशिवाय दुसरं काही नव्हतं. दामोदर कोलंबोत दिसल्याचं एका खलाशाने सांगितलं होतं. मग तो मंगळुरूच्या बंदरात उतरला. मग गोव्यात एका हॉटेलात भांडी घासताना दिसला. दर रविवारी तो थोडा जवळ यायचा, वेणू रोज संध्याकाळी धक्क्यावर कंदील घेऊन उभी राहायची, आणि तो पोचायच्या आत भाग संपायचा.

त्याने मग ऋजुताने सांगितलेलं सगळं रूथला सांगितलं.

"म्हणजे इतके दिवस आपण एकमेकांना खोटं ठरवत होतो," रूथ म्हणाली. मग तिला केलर आणि ब्रांट आठवल्या आणि तिने त्यांची हकिगत सांगितली. पण तिला सायकल आणि खिडकी का दिसत होती आणि सुशीलला कंदील का, हे दोघांनीही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं.

डबे पुन्हा काढायचे असं ठरलं. सुशीलचा दुकानात, जुन्या फ्रेमांच्या खणात पडला होता. रूथचा पलंगाखालच्या बॅगेत होता. नव्या टीव्हीला मागे वायर लावायची जागा शोधण्यात दोघांचा रविवार गेला. पुढच्या रविवारी पुन्हा निळा पडदा, पुन्हा चकती, पुन्हा एकेक अक्षर. टीव्ही दर थोड्या वेळाने विचारायचा, तुम्हाला याहून चांगला अनुभव हवा आहे का? सुशील नाही म्हणायचा.

मूळ मालिका रटाळ निघाली. खाडीवर पूल होणार होता आणि वेणू पंचायतीत, तहसीलदाराकडे, ठेकेदाराकडे खेटे घालत होती. दोन अख्खे भाग होडीच्या फळ्यांत डांबर भरण्यात गेले. ना कंदील होता, ना सायकल. पाटल्याही तिने विकल्या नव्हत्या, तिच्याकडे पाटल्या नव्हत्याच. पहिल्या रविवारी दोघंही हिरमुसले. सुशीलला दामोदर हवा होता आणि रूथला ती खोली, इतकी की तिने आठवड्याच्या मध्ये एकदा डबा काढून टीव्ही नुसताच लावला. थोडा वेळ ती बंदराचे दिवे बघत बसली. मग तिने तो बंद केला आणि हे सुशीलला सांगितलं. त्याने मान्य केलं की त्यानेही एकदा तसंच केलं होतं. दामोदर सावंतवाडीपर्यंत आला होता.

पण रटाळपणाचा एक फायदा झाला. बघता बघता बोलायला वेळ मिळायला लागला. डांबर भरताना वेणूच्या हाताला पडलेले घट्टे बघून रूथने आपल्या पाठीच्या दुखण्याबद्दल सांगितलं, जे तिने तोवर लपवलं होतं. तहसीलदार वेणूला बाकावर बसवून ठेवतो ते बघून सुशीलने सांगितलं, की रविवार सोडून इतर दिवशी तो घरी जेवत नाही, दुकानातच काहीतरी खातो, कारण एका माणसासाठी कुकर लावावासा वाटत नाही. एकच गोष्ट दोघांसमोर होती आणि दोघं तिच्याकडे बोट दाखवून आपलं सांगू शकत होते.

मग एक दिवस डब्याच्या पडद्यावर सूचना आली. या उपकरणावरील सेवा महिनाअखेर बंद होत आहे. आपल्या टीव्हीतच सर्व काही उपलब्ध आहे. मालिकेचा शेवटचा भाग त्याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी होता.

त्या रविवारी सुशीलने चहा करून ठेवला. रूथने पलीकडे कॉफी. एक, दोन, तीन. यावेळी दोघांचं बरोबर लागलं.

पुलाचं उद्घाटन झालं, नारळ फुटला, मंत्र्यांची गाडी पहिली गेली. वेणू खाडीत होती. होडीला आता फारसं कुणी येत नव्हतं. पुलावर गर्दी ओसरली आणि पलीकडच्या टोकाने एक माणूस चालत येताना दिसला. तेवढ्यात रूथ म्हणाली, "माझं अडकलं."

दोघं थांबले. तिच्याकडे चकती फिरली, मग पडदा काळा झाला आणि सेवा समाप्त झाल्याची पाटी आली. बंद करून पुन्हा लावू का, तिने विचारलं. सुशील म्हणाला की त्याचंही कुठल्याही क्षणी जाईल.

"मग तू बघ," ती म्हणाली. "आणि मला सांग."

तो सांगायला लागला. तो माणूस दामोदर होता. म्हातारा झाला होता, दाढी पांढरी होती, खांद्याला रेक्झिनची बॅग होती. पुलाच्या मध्यावर येऊन त्याने खाली बघितलं.

"तिला दिसला का तो?"

"दिसला. ती वर बघतेय."

सुशीलच्या मनात आलं, वेणूने होडी वळवली असं सांगितलं तर? ती किनाऱ्याला लागली, धावत वर आली, असं सांगितलं तर रूथला कधीच कळणार नव्हतं. मूळ प्रत आता कुणाच्याच डब्यावर लागणार नव्हती. रूथ पलीकडे श्वास रोखून ऐकत होती, हे त्याला जाणवत होतं. ती नक्की कशाची वाट बघत होती, ते मात्र त्याला कळत नव्हतं.

"सुशील?"

"होडीत एक बाई आहे," तो म्हणाला. "पोटुशी आहे, दिवस भरत आलेत. तिला पलीकडच्या दवाखान्यात पोचवायचंय. वेणू वल्हवतेय."

"वळली नाही?"

"नाही."

"आणि तो?"

"कठड्याला धरून उभा आहे. हाक मारत नाहीये. होडी लांब चाललीय." तो थोडं थांबला. "संपलं. नावं यायला लागली."

रूथ म्हणाली, "मला तुला एक सांगायचंय. मी अजून तीन वर्षांसाठी हो म्हटलंय. उन्हाळ्यातच. तुला सांगायला तोंड नव्हतं."

सुशीलला आश्चर्य वाटलं नाही. त्याने विचारलं, "तुला परत यायचंच नाहीये का?"

"मला माहीत नाही. इथे मी सकाळी उठते तेव्हा दिवस माझा असतो. ते मला सोडवत नाही. आणि बसथांब्यावर उभी असते तेव्हा रोज वाटतं की तू शेजारी आहेस, मी जागा ठेवून उभी राहते. दोन्ही खरं आहे, सुशील. टीव्हीने एकच दाखवलं."

त्याने चहाचा कप उचलला. चहा गार झाला होता. "मलाही," तो म्हणाला. "दामोदर दर आठवड्याला जवळ यायचा आणि पोचायचा नाही. मला तो पोचायला नकोच होता बहुतेक. पोचला की पुढे काय, हे मला सुचत नव्हतं. नुसती वाट बघायची मला सवय झालीय."

फोन कुणीच ठेवला नाही. खाली रस्त्यावरून बॅटरीची बस निघून गेली.

"मार्चमध्ये दुकान महिनाभर बंद ठेवतो," सुशील म्हणाला. "येतो तिकडे. पुढचं काही ठरवायला नाही. तू कुठे उभी राहतेस तो थांबा बघायला."

रूथ रडत होती की नाक शिंकरत होती, ते त्याला नीट कळलं नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली, "तो शेवट पुन्हा सांग ना. सावकाश."

समोरचा पडदा काळा झाला होता. सुशील सोफ्यावर मागे टेकला आणि डोळे मिटून सांगायला लागला. भरती होती, पाणी हिरवट-मातकट होतं, पुलाच्या कठड्याला अजून झेंडूच्या माळा होत्या. रूथने विचारलं, बॅग कुठल्या खांद्याला होती? तो म्हणाला, डाव्या. आणि होडीतली ती बाई? तिने वेणूच्या गुडघ्यावर हात ठेवला होता, तो म्हणाला, अगदी घट्ट.